एक नांगर शेतातला, एक नांगर समुद्रातला

नांगर हा शब्द आपल्या जठारपेठेत कोणी उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काळी जमीन, बैलजोडी आणि फाळामागे उलटत जाणारी ढेकळे उभी राहतील. हाच शब्द मालवणच्या किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर उच्चारला, तर तिथल्या बाईला होडी आठवेल, दोर आठवेल आणि समुद्रात गेलेला घरधनी आठवेल. मराठी एकच, शब्द एकच. परंतु एका नांगराने जमीन हलवायची, तर दुसऱ्याने होडी हलू द्यायची नाही. या दुसऱ्या नांगराची हकीगत आपल्यापैकी फारच थोड्या जणींना ठाऊक असेल, म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी मी हा विषय घेतला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचनालयातून पुस्तके आणून, घरातल्या शिकलेल्या मुलांना विचारून आणि आपल्या कोकणच्या सहलीत जे डोळ्यांनी पाहिले त्यावरून हे लिहिले आहे.

प्रथम शब्दाविषयी. शेतातला नांगर हा संस्कृतातील लाङ्गल या शब्दावरून आला. समुद्रावरचा नांगर मात्र फारसीतल्या लंगर या शब्दावरून आला, असे भाषेचे जाणकार सांगतात. अरब व इराणी व्यापाऱ्यांची गलबते आपल्या बंदरांत शेकडो वर्षे येत होती, त्यांच्याबरोबर हा शब्दही आला, आणि घरात आधीपासून असलेल्या नांगराशी त्याची अशी काही सोयरीक जमली की आज दोघांत भेद करता येत नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात आपल्यापैकी पुष्कळ जणी लंगरात जेवल्या असतील. तोही शब्द फारसीतलाच. जिथे वाटसरूने थांबावे, टेकावे, ते ठिकाण म्हणजे लंगर.

कोणी विचारील, आपला आणि समुद्राचा संबंध काय? आपल्याकडे समुद्राची आठवण देणारे काही असेल तर ते खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचे पाणी! पण संबंध नाही असे नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याआधी हा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरपर्यंत नेत. त्याच दशकात आगगाडी अकोल्याला पोहोचली आणि गठाणी मुंबईच्या बंदरात जाऊ लागल्या. बंदरात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांवर चढलेला तो कापूस आपल्याच पूर्वजांच्या शेतातला होता. शेतातल्या नांगराने पिकविले आणि समुद्रातल्या नांगराच्या भरवशावर ते परदेशी गेले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

याहून जुना दाखला हवा असेल तर अजिंठ्याला जावे. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एका जहाजाचे चित्र आहे. तीन डोलकाठ्या, उंच शिडे आणि मागच्या बाजूला ओळीने ठेवलेले रांजण. समुद्रावर गोड पाणी मिळत नाही, म्हणून ते रांजण. चित्रातली कथा पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची आहे. तो शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. पुढे तो बुद्धाचा शिष्य झाला. त्याचा भाऊ चंदन घेऊन येत असता जहाज वादळात सापडले आणि पूर्णाने त्याला तारले, अशी ती कथा. आपली नदीही पूर्णाच. नावाचा हा योगायोगच आहे, पण मला त्याची मौज वाटल्यावाचून राहिली नाही. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या नाण्यांवरही दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे. म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी आपल्या राजाला आपल्या नाण्यावर जहाज असावे असे वाटत होते.

आता नांगराकडे वळू. सर्वांत जुने नांगर लोखंडाचे नव्हते, दगडाचे होते. गुजरातेत लोथल येथे १९५५ पासून श्री. एस. आर. राव यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. तेथे विटांनी बांधलेले मोठे कुंड निघाले व त्यात भोक पाडलेले दगड सापडले. ते कुंड म्हणजे गोदी आणि ते दगड म्हणजे नांगर, असे राव यांनी मांडले. काही विद्वानांना कुंड गोदीचे आहे हे मान्य नाही. तो वाद त्यांच्यावर सोपवू. परंतु द्वारकेच्या समुद्रात पुढे जो शोध झाला त्यात शंभराहून अधिक दगडी नांगर तळाशी पडलेले आढळले. गोव्यात दोनापावल येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. तिच्या माणसांनी पाण्याखाली बुड्या मारून ही पाहणी केली आहे. आपल्या महाराष्ट्रात सिंधुदुर्ग व विजयदुर्ग या किल्ल्यांच्या आसपासही त्यांना दगडी नांगर मिळाले.

हे नांगर तीन तऱ्हांचे असतात. एक अगदी साधा, मधोमध भोक असलेला, आपल्या जात्याच्या तळीसारखा. त्याच्या भोकातून दोर ओवायचा की झाले. दुसरा तिकोनी, वरच्या टोकाला दोरासाठी एक भोक आणि खाली दोन भोके. तिसरा मात्र पाहण्यासारखा. हा म्हणजे लांब उभा दगड, चौकोनी खांबासारखा. वर दोरासाठी वाटोळे भोक, आणि खाली एकमेकांना आडवी जाणारी दोन चौकोनी भोके. या खालच्या भोकांतून बळकट लाकडे आरपार घालत. म्हणजे चारही दिशांना चार टोके निघत आणि त्यांतले एखादे तरी तळाच्या वाळूत रुतून बसे. या तिसऱ्या तऱ्हेचे नांगर इराणच्या आखातात, ओमानमध्ये व आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही सापडतात. त्यामुळे विद्वान त्यांना भारतीय-अरबी नांगर म्हणतात. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. कोकणातल्या पाथरवटाने घडविलेला आणि मस्कतच्या पाथरवटाने घडविलेला नांगर यांत फरक नव्हता. राजे वेगळे, धर्म वेगळे, पण समुद्राचा तळ सर्वांना सारखाच.

हे दगड तळाशी का राहिले? कोणी हौसेने टाकून दिले नाहीत. नांगर खडकाच्या कपारीत अडकला, वादळ उठले, वर ओढायला सवड नव्हती, तेव्हा कुणी तरी कुऱ्हाडीने दोर तोडला आणि माणसे वाचविली. किंवा दोर कुजलेला होता, तो तुटला आणि माणसेही गेली. तळाशी पडलेल्या प्रत्येक नांगरामागे अशी एक घाईची घटका आहे. म्हणूनच जुन्या काळचे नाखवे एका नांगरावर भिस्त ठेवीत नसत. दोन-चार बरोबर नेत.

पण मग एवढे जड दगड जहाजावर ठेवायचे कुठे? हा प्रश्न वरवर साधा दिसतो, परंतु सारी सुरक्षितता त्याच्यात आहे. जड वस्तू वर ठेवली तर जहाज डोलते आणि कलंडते. ती मोकळी ठेवली तर लाटेबरोबर इकडून तिकडे घरंगळते आणि फळ्या फोडते. फार खोल ठेवली तर वेळेला वर निघत नाही. म्हणून नांगराची जागा ठरली ती नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी. कारण नांगर टाकल्यावर जहाजाचे तोंड वाऱ्याकडे व लाटेकडे राहिले पाहिजे. पुढचे टोक उंच व निमुळते असते, ते लाट कापते. मागून नांगर टाकला तर लाट मागच्या सखल बाजूवरून आत येते आणि होडी भरते. लहान होडीला तर हा नियम जिवाशी बांधलेला आहे.

आता थोडे आपल्या मराठी आरमाराविषयी. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि तेथून आरमाराची उभारणी सुरू झाली. मालवणजवळ कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम १६६४ च्या नोव्हेंबरात सुरू होऊन १६६७ साली पुरे झाले. किल्ल्याचे बुरूज, तोफा, महाराजांच्या हातापायाचे ठसे यांविषयी आपण शाळेत वाचले. परंतु किल्ला बेटावर बांधला याचा अर्थ काय, हे मला तेथे गेल्यावरच उमगले. बेटाच्या आडोशाला पाणी शांत असते आणि भोवती खडक असतात. माहीतगाराची गलबते तेथे नांगर टाकून निवांत राहतात, आणि परक्याचे जहाज खडकावर फुटते. म्हणजे किल्ला जितका माणसांसाठी, तितकाच नांगरलेल्या गलबतांसाठी.

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्याआधी गलबते समुद्रातून काढून बंदरात आणावीत, दरसाल एकाच बंदरात छावणी न करता बंदर बदलावे, अशी शिकवण त्यात आहे. जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिच्या राजीखुशीवाचून तोडू नयेत, असेही बजावले आहे. ते वाचून मला फार समाधान वाटले. झाड लावणाऱ्याने ते लेकरासारखे वाढविलेले असते, हे राज्य चालविणाऱ्याला कळत होते.

गलबते एके ठिकाणी उभी करण्यात जसा लाभ तसा धोकाही असतो. याचे दुःखद उदाहरण विजयदुर्गाचे. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. पुढे तुळाजी आंग्रे यांचे पेशव्यांशी बिनसले आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे व इंग्रज दोघे मिळून विजयदुर्गावर चालून गेले. इंग्रजांकडे वॉटसन व क्लाइव्ह होते. तुळाजींचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना लागून बांधलेले होते. इंग्रजांचा एक पेटता गोळा एका जहाजावर पडला, त्याने पेट घेतला, आणि शेजारच्याला शेजारचे लागून सारे आरमार जळून गेले. ज्या आरमाराला इंग्रज, डच, पोर्तुगीज वचकून असत, ते खुल्या समुद्रात हरले नाही. नांगरलेल्या जागी जळाले. आपल्याच माणसांच्या भांडणात परक्याला बोलावले की असे होते, हा धडा तर आहेच. पण सामान कुठे आणि कसे ठेवावे याचाही तो धडा आहे.

पुढे इंग्रजी राज्यात सगळे बदलले. लोखंडी नांगर मोठमोठे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तागाच्या जाड दोरांऐवजी लोखंडी साखळ्या आल्या. साखळी कुजत नाही, खडकावर घासून तुटत नाही, आणि वजनामुळे तळाशी लोळत राहते. हे तळाशी लोळणे फार महत्त्वाचे आहे. पुष्कळांना वाटते की नांगर आपल्या वजनाने जहाजाला धरून ठेवतो. तसे नव्हे. नांगर रुतून धरतो. दोर लांब सोडला की ओढ आडवी बसते आणि नांगराचे टोक तळात शिरते. दोर आखूड ठेवला की ओढ वर बसते आणि नांगर उपटून येतो. ज्या भगिनींचे माहेर शेतकऱ्याचे आहे त्यांना हे सांगायला नको. बैलांची ओढ नीट आडवी असली तर फाळ खोल जातो, ओढ वर झाली की तो मातीवरून नुसता ओरखडत जातो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट, आणि वारा असला तर पाचपट-सातपट दोर सोडावा लागतो. त्यातही भरती-ओहोटीचा हिशेब वेगळाच. मुंबईकडे मोठ्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढते. ओहोटीला पुरेसा वाटलेला दोर भरतीला आखूड पडतो.

मौजेची गोष्ट पुढेच आहे. १९३३ साली इंग्लंडात जेफ्री टेलर नावाच्या शास्त्रज्ञाने एक नवा नांगर शोधून काढला. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना हलका पण घट्ट धरणारा नांगर हवा होता, म्हणून त्याने दोन बाजूंना माती सारणाऱ्या फाळासारखा आकार केला. इंग्रजीत त्या तऱ्हेला शेतातल्या नांगराचेच नाव मिळाले. इंग्रजांना जे साम्य १९३३ साली सापडले, ते आपल्या मराठी भाषेने कित्येक पिढ्या आधीच एका शब्दात बांधून ठेवले होते! त्यानंतर काही वर्षांनी अमेरिकेत डॅनफोर्थ नावाच्या गृहस्थाने चपटा, मिटून ठेवता येणारा नांगर केला. जागा कमी लागते म्हणून लहान होड्यांवर तोही पसरला.

कोकणातल्या लहान मासेमारी होडीवर मात्र बहुतेक चार आकड्यांचा लोखंडी नांगर दिसतो. तो कसा, हे सांगायला मला दूर जावे लागत नाही. पूर्वी आपल्याकडे घरोघर विहिरी होत्या, तेव्हा विहिरीत पडलेली बादली काढायला लोखंडी गळ असे. तोच गळ थोरला करा, म्हणजे होडीचा नांगर झाला. गल्लीत एखाद्याच घरी गळ असे, आणि तो त्या घरच्या ठरलेल्या खुंटीवरच लटकलेला असे. कोणाची बादली पडली की पोर धावत येई आणि कोणाला न विचारता खुंटीवरून गळ घेऊन जाई. काम झाले की परत त्याच खुंटीवर. गळ आणून ठेवला नाही तर म्हातारी सासू गल्लीभर ओरडे. ते ओरडणे तेव्हा जाचक वाटे, पण त्यात मोठे शहाणपण होते, हे मला मालवणला कळले.

आपल्या मंडळाची सहल मालवणला गेली होती तेव्हा बाकीच्या भगिनी बाजारात काजू व कोकम घेत होत्या, आणि मी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या पाहत बसले होते. तेथे एक वयस्क मासेविक्या बाई जाळ्याच्या सावलीत टेकल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हटले, त्यांनी मला बाय म्हटले, आणि आमचे बोलणे सुरू झाले. एका होडीच्या पुढच्या टोकाशी लाकडी खाचेत नांगर बसविलेला होता, आकडे खाली, दांडी आडवी, आणि वरून दोरीने आवळलेला. मी विचारले, "हा एवढा नेमाने का बांधला? किनाऱ्यावर कुठे पळून जातो तो?"

मावशी थोड्या वेळाने म्हणाल्या, "नांगर व्हतो बाय, पण वेळेर हाताक गावलो नाय."

हे त्या त्यांच्या धाकट्या दिराविषयी बोलत होत्या. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान नावाचे चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावरून गेले. पाऊस संपला, दिवाळी झाली, आता समुद्र शांत, असे धरून कित्येक होड्या बाहेर होत्या. पुष्कळ मच्छीमार त्या वादळात गेले. मावशींच्या दिराच्या होडीत चार माणसे होती. इंजिनात पाणी शिरले व ते बंद पडले. वारा होडीला खडकांकडे लोटू लागला. अशा वेळी एकच उपाय, नांगर टाकून होडीचे तोंड वाऱ्याकडे करायचे. नांगर होडीत होता. पण सकाळी घाईत तो मधेच टाकलेला, त्यावर ओली जाळी पडलेली, आकडे जाळ्यात गुंतलेले आणि दोराचा जाळ्याशी गुंता झालेला. काळोखात, हेलकावणाऱ्या होडीत दोघे जण तो सोडवीत राहिले. तो सुटण्याआधी होडी खडकावर गेली. तिघे पोहून किनाऱ्याला लागले. दीर लागला नाही.

मावशींनी हे रडून सांगितले नाही. हातातले काम चालूच होते. त्यानंतर त्यांच्या घरात जो नियम झाला, तो मात्र त्यांनी मला बोटांवर मोजून सांगितला, आणि तो मी येथे माझ्या भाषेत देते.

नांगराची जागा नाळेपाशी, आणि तेथे दुसरे काहीही ठेवायचे नाही. जाळी नाही, बर्फाची पेटी नाही, डिझेलचा डबा तर मुळीच नाही. आकडे खाली किंवा आतल्या अंगाला वळवून ठेवायचे, म्हणजे कोणाच्या पायात शिरत नाहीत आणि फळीला किंवा फायबरच्या अंगाला भोक पाडीत नाहीत. दोर नांगराजवळच एका पाटीत वेटोळे करून ठेवायचा. खालचे वेटोळे आधी आणि वरचे शेवटी, म्हणजे टाकताना तो आपोआप सुटत जातो. दोर सुटत असताना वेटोळ्यात पाय येता कामा नये, नाही तर नांगराबरोबर माणूस खाली जातो. दोराचे शेवटचे टोक होडीला घट्ट बांधलेले आहे की नाही, हे निघण्यापूर्वी हाताने ओढून पाहायचे. घाईत नांगर फेकला आणि टोक मोकळे होते, असेही घडलेले आहे. परत आल्यावर नांगर व दोर गोड्या पाण्याने धुवायचे, दोर वाळवायचा, आणि कोठे घासून झिजला आहे का ते बोटे फिरवून बघायचे. पूर्वी काथ्याचे दोर होते, ते ओले ठेवले की आतून कुजत आणि बाहेरून चांगले दिसत. आताचे नायलॉनचे कुजत नाहीत, पण उन्हाने कमजोर होतात.

यात एक बारकावा मला फार आवडला. नांगर जागेवर आवळायचा तो सुरगाठीने, एका झटक्यात सुटेल असा. आणि दोराचे टोक होडीला बांधायचे ते निरगाठीने, कधीच सुटणार नाही असे. आपण परकर शिवताना, पोथी बांधताना, पाळणा टांगताना या दोन्ही गाठी हजारदा मारतो. कोणती गाठ कोठे मारायची हे चुकले तर आपल्याकडे फार तर नाडी ओढायला त्रास होतो. समुद्रावर माणूस जातो.

हे केवळ लहान होड्यांचेच आहे असे समजू नये. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईच्या समुद्रात तेलविहिरींच्या कामावरचे पी-३०५ नावाचे मोठे बार्ज नांगर तुटून वाहत गेले, आदळले आणि बुडाले. त्यावर अडीचशेहून अधिक माणसे होती. नौदलाने बहुतेकांना जिवाची बाजी लावून वाचविले, तरी कितीतरी घरांतले कर्ते पुरुष गेले. लहान असो वा मोठे, नांगराने दगा दिला की समुद्र कोणाची पायरी पाहत नाही. हल्ली वादळाची सूचना आधी मिळते, मोबाईलवर मिळते, पावसाळ्यात मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला पूजा करूनच समुद्राकडे जाण्याचा रिवाज आहे. हे सर्व चांगलेच आहे. परंतु सूचना मिळूनही जो समुद्रात अडकला, त्याच्या हाती शेवटी राहतो तो नांगरच, आणि तोही जागेवर असेल तर. तहान लागल्यावर विहीर खणू नये असे आपण म्हणतो. वादळ आल्यावर नांगर शोधू नये, असे मावशींच्या गावी म्हणत असावेत.

इतिहासाची पुस्तके वाचताना मला नेहमी एक वाटते. त्यांत कोणता किल्ला कोणी घेतला हे असते. पण दोर कोणी वळला, नांगर कोणी धुतला, जाळे कोणी विणले, याचा पत्ता नसतो. द्वारकेच्या तळाशी सापडलेल्या दगडांवर कोणाचे नाव नाही. तरीही त्या दगडांनीच तो इतिहास सांभाळून ठेवला. राजांची ताम्रपटे वितळली, कागद वाळवीने खाल्ले, आणि एका अनाम नाखव्याचा भोक पाडलेला दगड शेकडो वर्षे जागचा हलला नाही. नांगराचे कामच ते!

आपल्या वऱ्हाडातही असेच आहे. लाकडी नांगर आता कोठे तरी गोठ्याच्या आढ्याला अडकविलेला दिसतो, ट्रॅक्टरने त्याचे काम घेतले. वखर, डवरे, तिफण यांची नावे मुलांना सांगावी लागतात. विहिरी बुजल्या, गळ भंगारात गेले. जात्याची तळी अंगणात पायरी म्हणून बसविलेली मी पाहिली आहे. मी जुन्यासाठी रडणारी बाई नव्हे. नळाचे पाणी आले तेव्हा सर्वांत आधी सुख झाले ते आम्हा बायांनाच. पण वस्तू जाताना तिच्याबरोबर तिची जागा, तिचा नेम आणि तिच्यामुळे वाचलेल्या-बुडालेल्या माणसांच्या हकीगती जाऊ नयेत, एवढेच म्हणणे आहे. मालवणच्या मावशींच्या दिराची हकीगत कोणत्याही पुस्तकात नाही. ती त्यांच्या तोंडी होती आणि आता या स्मरणिकेत आहे.

म्हणून मंडळाच्या भगिनींना माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने आपल्या घरातली किंवा माहेरची एक तरी जुनी वस्तू घ्यावी, ती कशाची होती, कोठे ठेवीत, कोण वापरी, आणि ती जागेवर नसताना काय घडले, एवढे पानभर लिहून द्यावे. शुद्धलेखनाची भीती बाळगू नये. ते सुधारायला आपल्या चिटणीस बाई समर्थ आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आम्ही दुपारच्या वेळी घरी येऊन उतरवून घेऊ. माझ्या आळीतल्या चार म्हाताऱ्या आज्यांकडे मी येत्या आठवड्यापासून जाणार आहे. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी मला निरोप द्यावा.